‘कोंबडी’ : व्युत्पत्ती, अर्थ आणि मावळाची साक्ष

१

मराठीतील व्युत्पत्तिविचार बहुधा ग्रंथगत शब्दांभोवती फिरत आला आहे. ज्ञानेश्वरीतील एखादा दुर्बोध शब्द, महानुभावीय गद्यातील एखादे लुप्त रूप, शिलालेखातील एखादे पदनाम यांवर अभ्यासकांनी पुष्कळ परिश्रम घेतले, आणि ते योग्यच झाले. मात्र अंगणात, गोठ्यात आणि चुलीपाशी वावरणाऱ्या शब्दांच्या वाट्याला तेवढे लक्ष आले नाही. अशा शब्दांचा अर्थ सर्वांनाच ठाऊक असतो, त्यामुळे तो विचारण्याची गरज पडत नाही. आणि मूळ विचारले गेलेच तर ध्वनीने जवळचा वाटणारा एखादा संस्कृत शब्द पुढे करून विषय संपविला जातो. ‘कोंबडी’ हा या उपेक्षेचा उत्तम नमुना होय. ‘कोंबडा’ कशावरून, असे पदव्युत्तर वर्गात विचारले तर ‘कुक्कुट’ हे उत्तर येण्यास फार वेळ लागत नाही.

हे उत्तर टिकणारे नाही, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा पहिला हेतू आहे. परंतु तेवढ्यावर थांबता येणार नाही. ‘कोंबडी’ या शब्दाचा अर्थ त्याच्या मुळात जितका आहे तितकाच त्याच्याभोवती वाढलेल्या शब्दकुळात आहे, आणि हे शब्दकुळ आज डोळ्यांदेखत विरळ होत आहे. व्युत्पत्ती कोशात बसून काही प्रमाणात करता येते. शब्दकुळाची नोंद मात्र बोलणारी माणसे आहेत तोवरच करता येते.

या चर्चेसाठी पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्याची निवड सहेतुक आहे. कार्ल्याच्या डोंगरावर, लोणावळ्यापासून हाकेच्या अंतरावर, दोन हजार वर्षांपूर्वीचे प्राकृत लेख कोरलेले आहेत आणि त्याच चैत्यगृहाच्या दाराशी एकवीरा देवीचे ठाणे आहे. या देवीला नवसाचे कोंबडे देण्याची परंपरा आहे. घाटमाथ्याचा मावळी शेतकरी आणि बोरघाट चढून येणारा किनाऱ्यावरचा आगरी-कोळी भाविक या एका डोंगरावर एकत्र येतात आणि आपापल्या उच्चारांसह येतात. लोणावळ्यातच कैवल्यधाम ही १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी स्थापिलेली योगसंस्था आहे. तेथे ‘कुक्कुटासन’ शिकविले जाते. बाजारपेठेत ‘चिकन’ आहे, खोऱ्यांतून ‘पोल्ट्री’ आहे. एकाच पक्ष्याच्या नावाचे इतके थर एवढ्या लहान प्रदेशात क्वचितच एकत्र सापडतात.

पद्धतीचा धडाही याच प्रदेशाच्या नावातून मिळतो. ‘मावळ’ म्हणजे सूर्य मावळतो ती बाजू, असे सर्रास सांगितले जाते. अर्थ गोड आहे आणि भूगोलाशी जुळतोही. परंतु कार्ल्याच्या सातवाहनकालीन लेखात या भागाचा उल्लेख ‘मामाल’ या नावाचा आहार, म्हणजे प्रशासकीय विभाग, असा आलेला आहे. दोन स्वरांमधील ‘म’चा ‘व’ होणे (‘ग्राम’चे ‘गाव’, ‘नाम’चे ‘नाव’) आणि ‘ल’चा ‘ळ’ होणे हे मराठीचे नेहमीचेच व्यापार होत. लेखी साक्ष हाती असताना ‘मावळणे’ या क्रियापदाच्या साम्यावर विसंबण्याचे कारण उरत नाही. जे मावळला लागू, तेच कोंबड्याला.

२

‘कुक्कुट’ हा शब्द संस्कृतात प्राचीन आहे. वाजसनेयी संहितेत तो आलेला आहे. अमरकोशाने कोंबड्यासाठी चार नावे नोंदविली आहेत : कृकवाकु, ताम्रचूड, कुक्कुट आणि चरणायुध. ही चार नावे नामकरणाच्या तीन वेगवेगळ्या तऱ्हा दाखवितात. ‘कृकवाकु’ आणि ‘कुक्कुट’ ही नावे आवाजावरून पडली. ‘ताम्रचूड’ हे तुऱ्यावरून पडले. आणि ‘चरणायुध’ हे पायाच्या नखीवरून, म्हणजे झुंजीच्या शस्त्रावरून पडले. यास्काचार्यांनी निरुक्तात ‘कृकवाकु’चा पूर्वभाग ध्वनीचे अनुकरण असल्याचे स्पष्ट म्हटले आहे, आणि कावळ्याच्या नावाच्या निमित्ताने पक्ष्यांच्या नावांत असे अनुकरण पुष्कळ आढळते, असा सर्वसाधारण अभिप्रायही दिला आहे. त्याच ठिकाणी ध्वन्यनुकरण नाकारणाऱ्या औपमन्यवाचे मतही ते नोंदवितात. पक्ष्याचे नाव आवाजावरून की रूपावरून, हा वाद आपल्याकडे किती जुना आहे हे यावरून ध्यानात यावे.

‘कुक्कुट’पासून मराठीत नियमाने काय निर्माण झाले असते, याचे उत्तर शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. ‘मर्कट’ या शब्दाचे प्राकृतात ‘मक्कड’ झाले आणि मराठीत ‘माकड’. जोडव्यंजन सुटे होते, आधीचा स्वर दीर्घ होतो आणि ‘ट’चा ‘ड’ होतो. याच मार्गाने ‘कुक्कुट’चे ‘कुक्कुड’ आणि पुढे ‘कूकड’ किंवा ‘कुकडा’ व्हावयास हवे. गुजरातीत ते तसे झालेच आहे. तेथे ‘कूकडो’ हा शब्द नांदतो. पंजाबीत ‘कुक्कड’ आहे. मराठीत मात्र ‘कुकडा’ नाही, ‘कोंबडा’ आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. प्राकृतात अनुनासिक नसलेल्या जागी अनुस्वार येण्याची उदाहरणे आहेत. ‘वक्र’चे ‘वंक’ होते. मग ‘कुक्कुड’चे ‘कुंकुड’ का होऊ नये? होऊ शकते, परंतु त्यामुळे अनुस्वाराची सोय लागते, ‘ब’ची लागत नाही. दोन स्वरांमधील वा अनुनासिकानंतरचा ‘क’ बदलून ‘ब’ झाल्याचे उदाहरण मराठीच्या ध्वनिइतिहासात दाखविता येत नाही. झ्यूल ब्लॉक यांनी १९२० साली प्रसिद्ध केलेल्या मराठीच्या जडणघडणीवरील ग्रंथाने ध्वनिनियमांची जी शिस्त या क्षेत्रात आणली, ती मान्य केल्यावर ‘कुक्कुट’ आणि ‘कोंबडा’ यांचे नाते केवळ आरंभीच्या ‘क’पुरते आणि अखेरच्या ‘ड’पुरते उरते. यांपैकी अखेरचा ‘ड’ही फसवा आहे.

३

तो फसवा आहे हे कोंकणी सांगते. गोव्याच्या कोंकणीत नराला ‘कोंबो’ आणि मादीला ‘कोंबी’ म्हणतात. तेथे ‘ड’ नाही. याचा अर्थ स्पष्ट आहे : शब्दाचे मूळ अंग ‘कोंब-’ हे आहे आणि मराठीतील ‘ड’ हा वरून जोडलेला प्रत्यय आहे. हेमचंद्राने अपभ्रंशाच्या व्याकरणात अर्थात भर न घालता नामाला लागणारा ‘अड’ हा स्वार्थिक प्रत्यय नोंदविला आहे, आणि मराठीने तो मुक्तहस्ते वापरला आहे. ‘चाम’ आणि ‘चामडे’, ‘कात’ आणि ‘कातडे’ या जोड्या त्याच घडणीच्या आहेत. ‘कोंबो’ आणि ‘कोंबडा’ ही जोडी दोन भगिनीभाषांत विभागली गेली, एवढाच फरक. तेव्हा ‘कोंबडा’तील ‘ड’ हा ‘कुक्कुट’तील ‘ट’चा वंशज नव्हे, आणि ‘कुक्कुट’वादाचा उरलासुरला आधारही नाहीसा होतो.

एकवीरेच्या पायऱ्यांवर ही साक्ष आणखी एका रूपाने कानी पडते. मावळातला माणूस ‘कोंबडं’ म्हणतो. किनाऱ्यावरचा आगरी-कोळी ‘कोंबरा’, ‘कोंबरी’ म्हणतो. ‘ड’च्या जागी ‘र’ उच्चारणे हे आगरी बोलीचे परिचित लक्षण आहे. ‘घोडा’ही तेथे ‘घोरा’ होतो. प्रत्ययाचा ध्वनी बदलला तरी ‘कोंब’ कायम राहिला. गोव्यापासून घाटमाथ्यापर्यंत जे अंग अविचल राहते, त्याचाच शोध व्युत्पत्तीने घ्यावयाचा असतो.

मग हा ‘कोंब’ कोणता? मराठीत ‘कोंब’ म्हणजे अंकुर. जमिनीतून, बीजातून वा खोडातून वर आलेले टोक. कोंबड्याच्या डोक्यावर नेमके हेच आहे : मांसाचा वर आलेला, फुटल्यासारखा दिसणारा लाल अवयव. ज्याला कोंब आहे तो कोंबडा, ही उपपत्ती अर्थदृष्ट्या सरळ आहे. तुऱ्यावरून नाव ठेवण्याची पद्धत या भूमीत होती, हे ‘ताम्रचूड’ने दाखविलेच आहे, चूडा असलेला तो ‘ताम्रचूड’, शिखा असलेला मोर तो ‘शिखी’.

यावर कोणी विचारील की, मराठीत कोंबड्याच्या डोक्यावरील अवयवास ‘कोंब’ म्हणत नाहीत, ‘तुरा’ म्हणतात, त्याचे काय? आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर ‘तुरा’ याच शब्दात आहे. ‘तुरा’ हा अरबी-फारसीतील ‘तुर्रा’पासून आलेला शब्द होय. पागोट्यावरील झुबका, शिरपेच अशा दरबारी अर्थांसह तो मराठीत आला आणि नंतर कोंबड्याच्या डोक्यावर जाऊन बसला. तो येण्यापूर्वीही कोंबडे होते आणि त्यांच्या डोक्यावर हा अवयवही होता. त्याला काही नाव असणारच. परकी शब्दाने अवयवाचे नाव हटविले, परंतु त्या नावावरून पडलेले पक्ष्याचे नाव तसेच राहिले, ही घटना भाषेत नवी नाही. ‘कोंब’ हेच ते नाव असावे, हे अनुमान आहे, सिद्धान्त नव्हे. तथापि ‘कुक्कुट’पेक्षा ते ध्वनी, घडण आणि अर्थ या तिन्ही कसोट्यांवर अधिक ग्राह्य ठरते.

४

‘कोंब’च्या मागे गेले की द्राविडी भाषांचे क्षेत्र सुरू होते. तमिळमध्ये ‘कोम्बु’ म्हणजे शिंग, सुळा, फांदी; कन्नडमध्ये ‘कोंबु’ शिंग व ‘कोंबे’ फांदी; तेलुगूत ‘कोम्म’ फांदी. शरीरातून वा खोडातून बाहेर आलेले टोक हा या सर्वांतील समान अर्थ. बरो आणि एमेनो यांच्या द्राविडी व्युत्पत्तिकोशाने (१९६१, सुधारित आवृत्ती १९८४) हे शब्द एकत्र ठेवले आहेत. मराठी ‘कोंब’ याच कुळातला असणे संभवनीय आहे, आणि मराठीच्या पायाशी असलेल्या द्राविडी थराची जी चर्चा शं. बा. जोशी यांच्यापासून फ्रँकलिन साउथवर्थ यांच्यापर्यंत झाली, तिच्याशी हे सुसंगत आहे.

मात्र येथे दुसऱ्या टोकाचा मोह टाळला पाहिजे. संस्कृतचा आग्रह सोडून तमिळचा धरणे ही सुटका नव्हे. विश्वनाथ खैरे यांच्या ‘द्रविड महाराष्ट्र’ (१९७७) या ग्रंथाने मराठी अभ्यासकांना दक्षिणेकडे पाहावयास लावले, हे त्याचे श्रेय. परंतु प्रत्येक देशी शब्दाचे घर तमिळमध्येच असले पाहिजे असे त्यातून कोणी गृहीत धरू नये. कोंबडीच्या बाबतीत तर द्राविडी भाषाच वेगळी साक्ष देतात. तमिळ व मलयाळममध्ये या पक्ष्याला ‘कोऴि’, कन्नडमध्ये ‘कोळि’, तेलुगूत ‘कोडि’, गोंडीत ‘कोर’ म्हणतात. ही सर्व रूपे एका मुळाची आहेत आणि ते मूळ ‘कोम्बु’ नव्हे. म्हणजे मराठीने शेजाऱ्याकडून पक्ष्याचे नाव उचलले नाही. ‘कोंब’ हा शब्द दक्षिणेशी नाते सांगणारा असला, तरी त्यावरून पक्ष्याचे नाव घडविणे, त्याला अपभ्रंशकालीन प्रत्यय जोडणे आणि तीन लिंगांत चालविणे हे काम मराठी-कोंकणी बोलणाऱ्यांचे आहे. ‘कोंबडा’ संस्कृतातून आलेला नाही आणि तमिळमधूनही आलेला नाही. तो येथे घडलेला आहे.

साम्य किती फसवे असते याचे आणखी एक उदाहरण विद्यार्थ्यांपुढे ठेवण्यासारखे आहे. इंग्रजीत कोंबड्याच्या तुऱ्याला ‘कोम’ असा उच्चार असलेला, अखेरीस लिहिलेला पण न उच्चारला जाणारा ‘ब’ बाळगणारा शब्द आहे. ‘कोंब’शी त्याचे साम्य पाहून कोणासही आनंद होईल. परंतु त्या शब्दाचा मूळ अर्थ दातेरी वस्तू, फणी असा असून त्याचा संस्कृतातील आप्त ‘जम्भ’, म्हणजे दात, हा आहे. ‘कोंब’शी त्याचा काडीचाही संबंध नाही. नियम न पाहता साम्य पाहिले तर लोणावळा आणि लंडन यांच्यामध्ये एका उडीचेच अंतर उरते.

५

मूळ ठरले म्हणजे अर्थ ठरला असे होत नाही. शब्द कोणत्या शेजाऱ्यांत राहतो यावर त्याचा अर्थ अवलंबून असतो. मराठीत या पक्ष्याच्या नावाला तीन लिंगे आहेत : तो कोंबडा, ती कोंबडी, ते कोंबडे. नपुंसकलिंगी रूप लिंगभेद गौण असतो तेथे येते. नवसाचे ते ‘कोंबडं’, झाकून ठेवलेले ते ‘कोंबडं’, आणि ते झाकल्याने तांबडे फुटायचे राहत नाही, असे म्हण सांगते. हिंदीच्या ‘मुर्गा-मुर्गी’ला ही तिसरी जागा नाही. या नपुंसकलिंगी रूपाचे अनेकवचन पूर्वी ‘कोंबडीं’ असे अनुस्वारयुक्त लिहिले जाई. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेल्यावर ते स्त्रीलिंगी एकवचनासारखेच दिसू लागले. बोलणाऱ्याच्या मनातील भेद लेखनातून पुसला गेला, आणि आज तो भेद अनेक विद्यार्थ्यांना समजावून सांगावा लागतो.

रानातल्या पक्ष्याला मराठीने स्वतंत्र नाव न देता ‘रानकोंबडा’ म्हटले. सह्याद्रीत आढळतो तो करडा रानकोंबडा. तांबडा रानकोंबडा उत्तर, मध्य आणि पूर्व भारतातला. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज तांबडा असला तरी तिच्या पिवळ्या पायांचा गुण करड्याकडून आल्याचे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनाने दाखविले. ‘रान’ हे विशेषण लावण्याची गरज पडली, याचाच अर्थ ‘कोंबडा’ म्हटल्याबरोबर डोळ्यांपुढे येणारा पक्षी अंगणातला होता. पतंजलीने महाभाष्याच्या आरंभी ग्राम्य कुक्कुट अभक्ष्य म्हटल्यावर आरण्य कुक्कुट भक्ष्य हे आपोआप कळते, असे जे उदाहरण दिले आहे, त्यातही ही विभागणी आहे. खाण्या-न खाण्याचा नियम असो वा नवस असो, या पक्ष्याचे नाव सामाजिक भेदांपासून कधीच अलिप्त नव्हते.

हे भेद आजच्या शब्दथरांतही दिसतात. शासनाची योजना ‘कुक्कुटपालना’ची असते, ज्या जाती वाटल्या जातात त्यांची नावे ‘गिरिराज’, ‘वनराज’ अशी संस्कृत घाटाची असतात. कैवल्यधामात शिकविले जाणारे ‘कुक्कुटासन’ हठप्रदीपिकेसारख्या ग्रंथांतून आलेले असल्याने तेथे तत्सम शब्द स्वाभाविकच आहे. ‘कोंबडासन’ कोणी म्हणणार नाही. परंतु योजनेच्या कागदावर तत्सम शब्द येतो तो परंपरेमुळे नव्हे, तर ‘कोंबडी’ हा शब्द कार्यालयाला पुरेसा प्रतिष्ठित वाटत नाही म्हणून. मावळातला शेतकरी मात्र ‘कुक्कुटपालन’ करीत नाही. तो ‘पोल्ट्री टाकतो’. इंग्रजीत पक्ष्यांचा वाचक असलेला हा शब्द मराठीत येताना शेडचा आणि धंद्याचा वाचक झाला. नाणे मावळ असो, पवन मावळ असो वा आंदर मावळ असो, ‘पोल्ट्री’ म्हणजे पत्र्याची लांब इमारत.

त्या इमारतीत जे असते त्याला काय म्हणतात, हे अधिक उद्बोधक आहे. व्यवसायाच्या बोलण्यात ‘कोंबड्या’ नसतात, ‘पक्षी’ असतात : पाच हजार पक्षी, दहा हजार पक्षी. सामान्य अर्थाचा शब्द असा संकुचित होणे भाषेला नवे नाही. हिंदीतील ‘मुर्गी’चे मूळ फारसीतील ‘मुर्ग’ हेही मुळात कोणत्याही पक्ष्याचे नाव होते. त्याचा अवेस्तातील पूर्वज पक्षिवाचक आहे आणि संस्कृतातील आप्त ‘मृग’. फारसीत जे शतकानुशतकांच्या वापराने घडले, ते मराठीत व्यापारी कुक्कुटव्यवसायाच्या काही दशकांत घडत आहे. १९७१ साली डॉ. बी. व्ही. राव यांनी वेंकटेश्वरा हॅचरीज ही कंपनी सुरू केली, १९८२ साली अंड्यांच्या व्यापारासाठी राष्ट्रीय अंडी समन्वय समिती स्थापन झाली, आणि पुणे जिल्हा या व्यवसायाचे एक केंद्र बनला. धंद्याबरोबर धंद्याची भाषा आली : बॅच, फीड, लेयर आणि ‘बॉयलर’.

‘बॉयलर’ हे लोकव्युत्पत्तीचे जिवंत उदाहरण आहे. मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ विस्तवावर भाजण्याजोगी कोवळी कोंबडी. बाजाराने त्यातील ‘र’ गाळला आणि तो वाफेच्या यंत्राचे नाव बनून बसला. यंत्रासारख्या वेगाने वाढणाऱ्या कोंबडीला यंत्राचे नाव लागले, यात लोकभाषेची चूक किती आणि निरीक्षण किती, हे सांगणे अवघड आहे. आणि या ‘बॉयलर’मुळेच जुन्या कोंबडीला नवे विशेषण घ्यावे लागले : ‘गावठी’. एके काळी सगळ्याच कोंबड्या गावठी होत्या, म्हणून तसे म्हणण्याचे कारण नव्हते. माणसाला लावल्यास ‘गावठी’ आजही हिणवणारा शब्द आहे. कोंबडीला लावल्यावर मात्र तो जास्त भावाची हमी देतो. मुंबई-पुणे रस्त्यावरच्या खानावळीत ‘गावठी’ हा प्रतिष्ठेचा शब्द झाला, आणि ज्या गावाने तो शब्द दिला त्या गावात गावठी कोंबडी कमी झाली. अर्थोत्कर्षाचे हे उदाहरण पाठ्यपुस्तकातील उदाहरणांइतकेच बोलके आहे.

६

परंतु सर्वांत महत्त्वाचा बदल शब्दांच्या जागी दुसरे शब्द येण्याचा नाही. काही शब्दांची जागाच नाहीशी होत आहे.

अंगणातल्या कोंबडीच्या आयुष्याला मराठीने टप्प्याटप्प्याने नावे दिली आहेत. अंड्यातून बाहेर आलेले ते ‘पिल्लू’. अंड्यावर येऊ घातलेली तरुण मादी ती ‘तलंग’. अंडी घालणे थांबवून उबवण्यासाठी बसू पाहणारी ती ‘खुडूक’. तिला अंड्यांवर बसविणे म्हणजे ‘रवणीस बसविणे’. एकवीस दिवसांनी पिल्ले निघतात. संध्याकाळी कोंबड्या ‘डालायच्या’, म्हणजे डालग्याखाली वा खुराड्यात बंद करायच्या. पहाटे कोंबडा ‘आरवतो’, आणि ‘पहिल्या कोंबड्याला’ उठणे ही वेळेची मोजणी होते. माना वाकड्या होऊन कोंबड्या मरू लागल्या की ती ‘मानमोडी’. जे डोळ्यांना दिसले त्यावरून ठेवलेले हे नाव, ज्याला पशुवैद्यक राणीखेत म्हणते. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतात प्रथमच ‘बर्ड फ्लू’ आढळला, तेव्हा त्या रोगाला मराठीने असे स्वतःचे नाव दिले नाही. आले ते नाव तसेच वापरले गेले. या दोन नावांमधील अंतर हे कोंबडीशी असलेल्या संबंधातील अंतर आहे.

मांसासाठी वाढविलेला ‘बॉयलर’ साधारण ३५ ते ४२ दिवसांत विकला जातो. नर पक्षी नीट आरवू लागण्यास तीन-चार महिने लागतात. म्हणजे हा पक्षी आरवण्यापूर्वीच जातो. त्याचा तुरा पुरता वाढत नाही. तो कधी ‘तलंग’ होत नाही. अंड्यांसाठी पाळल्या जाणाऱ्या व्यापारी जातींतून खुडूक होण्याची प्रवृत्ती निवडीने जवळजवळ काढून टाकलेली आहे, कारण खुडूक कोंबडी अंडी देत नाही. म्हणजे ‘खुडूक’ हा शब्द भाषेतून जाण्याआधी ती अवस्थाच पक्ष्यातून गेली. अंडी यंत्रात उबतात, म्हणून ‘रवण’ नाही. शेडला कुलूप असते, म्हणून ‘डालणे’ नाही. आत रात्रीही दिवे लागतात, म्हणून ‘पहिला कोंबडा’ नाही.

ही तक्रार नव्हे. करारावर पिल्ले घेऊन ती वाढविणाऱ्या शेतकऱ्याला त्या शेडचा आधार आहे, आणि शब्द जगावेत म्हणून कोणी जुन्या पद्धतीने कोंबड्या पाळाव्यात, असे म्हणणे अभ्यासकाला शोभणार नाही. शब्द मरतात तेव्हा बहुधा ते कामाबरोबर मरतात, आणि काम बदलणे हा बोलणाऱ्यांचा अधिकार आहे. परंतु नोंद करणे ही अभ्यासकांची जबाबदारी आहे, आणि तिच्यातील कुचराईचे खापर काळावर फोडता येणार नाही. मोल्सवर्थच्या कोशाने (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) आणि दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाने (१९३२–१९३८) ग्रामीण शब्दांना मोठ्या मनाने जागा दिली. अ. मा. घाटगे यांनी १९६३ पासून प्रसिद्ध केलेल्या बोलींच्या सर्वेक्षणाने किनाऱ्यावरच्या बोलींचे शास्त्रशुद्ध वर्णन घालून दिले. ती परंपरा असताना विद्यापीठीय विभागांतून बोलींवरील प्रबंध प्रायः कथा-कादंबऱ्यांतील बोलीवरच लिहिले जातात. लेखकाने वापरलेली बोली अभ्यासली जाते. लेखकाच्या गावातली राहून जाते.

७

‘कोंबडी’च्या या चर्चेतून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली व्युत्पत्तीविषयी आहे. देशी शब्दाचे मूळ शोधताना संस्कृत कोशाच्या आधी शेजारच्या बोली विचारात घ्याव्यात. ‘कोंबडा’चा उलगडा अमरकोशाने केला नाही, गोव्याच्या ‘कोंबो’ने केला. एका अक्षराच्या अभावाने जे सिद्ध झाले ते दहा समानार्थी शब्दांनी झाले नसते. संस्कृताशी नाते जोडल्याने शब्दाची प्रतिष्ठा वाढते ही समजूत वर्गातून गेली पाहिजे. ‘माकड’ संस्कृतोद्भव आहे आणि ‘कोंबडा’ नाही, म्हणून माकड अधिक कुलीन ठरत नाही.

दुसरी गोष्ट अभ्यासक्रमाविषयी आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांचा फार मोठा वर्ग आजही ग्रामीण भागातून येतो. मावळच्या तिन्ही खोऱ्यांतून महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्याच्या घरी आजी असते, आणि ‘तलंग’ कोणाला म्हणायचे, ‘खुडूक’ कशी ओळखायची, रवणीस किती अंडी ठेवायची हे तिला कोणत्याही कोशापेक्षा नेमके माहीत असते. भाषाविज्ञानाच्या प्रश्नपत्रिकेत ध्वनिपरिवर्तनाचे प्रकार सोदाहरण लिहावयास सांगण्याबरोबरच, एका घरातील एका व्यवहाराची पन्नास शब्दांची यादी अर्थ, उच्चार आणि वापरासह जमवून आणावयास सांगितले, तर विद्यार्थ्याला आपल्या घराची भाषा अभ्यासाचा विषय आहे हे प्रथमच कळेल. वर्गात ज्या बोलीची लाज वाटावयास शिकविली जाते, तीच पुराव्याच्या रूपाने वर्गात येईल. प्राध्यापकांनी अशा दहा-वीस याद्या एकत्र केल्या, तर मावळी बोलीच्या एका कोशाचा पाया घातला जाईल.

कार्ल्याच्या लेण्यात ‘मामाल’ हे नाव दोन हजार वर्षे टिकले, कारण कोणी तरी ते दगडात कोरून ठेवले. ‘तलंग’, ‘खुडूक’, ‘रवण’ यांच्यासाठी दगडाची आवश्यकता नाही; एक वही आणि ऐकणारा कान पुरेसा आहे. एवढेही झाले नाही, तर पुढच्या पिढीतील कोशकार ‘कोंबडी’समोर ‘एक पक्षी’ एवढाच अर्थ लिहील, आणि पोल्ट्रीच्या भाषेत तो अचूकही असेल.